पुढं चालनारी मेंढी

वल्ल्या लोकरीचा वास एकदा नाकात बसला की मरंपर्यंत जात न्हाई. जर्मनीत हॅनोव्हरला लेकाकडं येऊन मला चार म्हैनं झालं व्हतं, आन् तवर हितं मला कशाचाच वास आला नव्हता. जिन्याला न्हाई, रस्त्याला न्हाई, शेजाऱ्याच्या सैपाकाला न्हाई. मला वाटलं आपलं नाकच म्हातारं झालं. मग एक दिवस मधुराबरुबर, म्हंजी सुनेबरुबर, धुनं घिऊन खाली केलरात गेले. केलर म्हंजी बिल्डिंगच्या पोटातली खोली, समद्या घरांच्या कपडे धुवायच्या मशिनी तिथंच. मधुरानं दार उघडलं आन् मी उंबऱ्यातच थांबले. समोर एक उंच, पांढऱ्या केसाची म्हातारी स्टुलावर बसली व्हती. म्होरं मोठा टब, गरम पानी, आन् पान्यात कच्ची लोकर, काड्या-कुसळासकट. ती लोकर चोळत नव्हती, पिळत नव्हती, नुसती तळव्यानं दाबत व्हती, लहान पोराचं पोट दाबावं तशी. चोळली की लोकरीचा गोळा हुतो, हे ज्याला ठावं त्यालाच ठावं. माझी आय अशीच दाबायची. मी बादली खाली ठिवली, बाह्या सारल्या आन् टबात हात घातला.

मधुरा पुण्याची. ती घाबरून कानात म्हनली, “अहो आई, इथं असं कुणाच्या टबात हात घालत नाहीत.” पर ती म्हातारी माझ्या हाताकडं बघत व्हती. माझे हात कसे चालत्यात ते तिनं येक-दोन मिनिटं बघितलं, आन् मग स्टूल जरा सरकवून मला जागा दिली. तिचं नाव गुद्रून. आमच्या खालच्या मजल्यावर राहती, वयानं माझ्यापरीस चार वरसं मोठी. ती जर्मनीची न्हवं, आइसलँडची. तरणी असताना घोड्यांच्या कामाला हिकडं आली, हितल्याच मानसाशी लगीन केलं, त्यो मानूस आता न्हाई. मधुरानं मला फोनवर नकाशा दावला. समद्या देशांच्या वर, समुद्रात एकटंच पडलेलं बेट. वर तर नुसता बर्फच. मी म्हनलं, हितं मानसं राहत्यात व्हय?

त्या दिवसापून दर बुधवारी चार वाजता आमी तिच्याकडं जायाचो. मधुराचं हापिस घरातूनच, बुधवारी तिचं काम चारला सुटायचं. गुद्रून जर्मनमधी बोलायची, मधुरा मला मराठीत सांगायची, आन् माझं तिला. पयल्यांदा मधुरा बळंच यायची, कपाळाला आठी घालून. आमचं सासू-सुनंचं वाकडं नव्हतं, पर बोलायला तरी काय व्हतं? ती शिकलेली, मी तिसरीपतूर. ती माझ्याशी जपून बोलायची आन् मी तिच्याशी. गुद्रूनच्या घरात मातूर आमी दोघी एका बाकड्यावर बसून तोंड उघडं टाकून ऐकायचो. आता जे लिवनार हाय ते म्या साठ वरसं कुनाला सांगितलं न्हाई. नवऱ्याला न्हाई, लेकाला न्हाई. थोरला भाऊ हाय अजून, बिरादादा, त्याला तर न्हाईच न्हाई. आमची मेंढरं कुनाच्या पायी बुडाली, ही ती गोष्ट. ती माझ्या तोंडातनं निघाली ती गुद्रूनमुळं, म्हनून आधी तिच्या देसाचं सांगते.

पयल्या बुधवारी म्या तिला आडनाव इचारलं. ती म्हनली, आडनाव नसतं. तिच्या देसात मानसाचं नाव, आन् म्होरं बापाचं नाव लावून ‘अमक्याचा मुलगा’ न्हाईतर ‘अमक्याची मुलगी’, बास. कुनाकुनाला आईचं बी लावत्यात, कुनी नाक मुरडत न्हाई. लगीन झालं म्हनून बाईचं नाव बदलत न्हाई. मरंपर्यंत ती आपल्या बापाची मुलगी. आन् हाक मारायची ती नुसत्या नावानं. डाक्टरला नावानं, मास्तरला नावानं, देसाचा कारभार हाकनाऱ्यालाबी नावानं. फोन नंबराचं पुस्तक व्हतं तेबी नावावरनंच लावलेलं. मी मधुराला म्हनलं, आमच्यात नवऱ्याचं नाव घ्यायला उखाना लागतो, आन् ही बया सरकारला नावानं हाक मारती. मधुरानं ते तिला सांगितलं, उखाना काय असतो ते सांगताना तिला घाम फुटला. गुद्रून येवढी हसली की तिच्या कपातली काफी बशीत आली.

मग तिनं सांगितलं ते ऐकून मला तर येड लागायची पाळी. तिच्या गावाकडं जमिनीखाली आग हाय. जमीन इतकी गरम की पिठाचा डबा झाकन लावून मातीत पुरायचा आन् दुसऱ्या दिवशी काढायचा, की आत काळी गोडसर भाकर भाजून तयार. सरपन न्हाई, चूल न्हाई. माझी आय कोकनात वल्ल्या लाकडाचा धूर डोळ्यात घिऊन भाकऱ्या थापायची, आन् हितं जमीनच चूल झालेली. तान्ही पोरं दुपारी बाबागाडीत घालून घराभाईर निजवायची, बर्फ पडला तरी. वर लोकरीचं पांघरून, नाक तेवढं लालभडक उघडं. म्हनत्यात त्यानं पोर तगतं. आन् रस्ता करायला निघालं आन् मधी मोठा धोंडा आला, आन् गावातली जुनी मानसं म्हनली की ह्या धोंड्यात न दिसनारी मानसं राहत्यात, तर रस्ता वळवून नेत्यात. शिकली-सवरली इंजिनेर मानसं. मधुरानं इचारलं, तुम्ही खरं मानता का हे? गुद्रून म्हनली, मानत न्हाई, पर त्या धोंड्याला धक्काबी लावत न्हाई. मी म्हनलं, ह्याच्यात न कळण्यासारखं काय हाय? आमच्या बिरुबाच्या माळावर असाच धोंडा हाय.

नाताळाचं तर लईच. आपल्याकडं येकच म्हातारा ऐकलाय, लाल टोपीचा. त्यांच्यात तेरा भाऊ डोंगरातनं येत्यात, रोज येक. कोन भांडी चाटून जातो, कोन दारं आपटतो, कोन मेंढरांना तरास देतो. पोरं खिडकीत बूट ठेवत्यात, शान्या पोराला खाऊ आन् वांडाला बटाटा. आन् येक मोठी काळी मांजर फिरती. नाताळाला ज्याच्या अंगावर नवं कापड न्हाई त्याला ती खाती. गुद्रून म्हनली, ही जुन्या काळची हुशारी. उनाळा सरला की समदी लोकर कातून-इनून नाताळाच्या आत संपवायची, आळस केला तर मांजर. माझी नात इरा आमच्याबरुबर आली व्हती, ती म्हनली, “गेनाऊ, म्हणून मी नवा ड्रेस मागते.” गेनाऊ म्हंजी जर्मनमधी ‘अगदी बरुबर’. आईचा डोळा दिसला तशी माझ्याआड लपली.

तिनं आमाला खायला घातलं तेबी सांगते. चक्क्यासारखं घट्ट दही, साखर न घातलेलं. वाळवलेला मासा, बडवून मऊ केलेला, त्याला लोनी लावून चघळायचा. मधुरानं रुमालात गुंडाळून ठिवला, म्या दोन खाल्लं. आन् गुद्रून म्हनली की त्यांच्यात मेंढीची मुंडी जाळावर भाजून, केस जाळून, उकडून खात्यात, डोळ्यासकट. मधुरानं आपली बशी लांब सारली. मी म्हनलं, तिला सांग, गालाचं मांस समद्यात गोड असतं. मधुरानं सांगितलं. गुद्रूननं माझ्या हातावर हात ठिवला, आन् तवापून आमी मैतरनी झालो.

आता माझ्या घरचं. आमी मानदेसातलं धनगर. घर म्हंजी चार म्हैन्याचं, बाकी आठ म्हैनं पायावर. दिवाळी झाली की घाट उतरून कोकनात जायाचं, जेठाच्या आत परत वर यायचं. घोड्यावर समदा संसार: भांडी, पिठाची पोती, कोंबड्यांची डाल, वर बांधलेली नुकती व्यालेली कोकरं, आन् त्यांच्यातच येखादं तान्हं पोर. मीबी तशीच कोकरांत बसून वाढले. सकाळ व्हायची ती कुत्र्यांच्या आन् घंटीच्या आवाजानं. कोकनातल्या भाताच्या वावरात मेंढरं बसवायची, त्यांच्या लेंड्यांनी रान सुधरायचं, त्याच्या बदल्यात शेतकरी तांदूळ द्यायचा. आय हुलग्याचं माडगं करायची, बाजरीची भाकर, लसनाची चटनी. चा मेंढीच्या दुधाचा, वर साय धरलेला. आय चालता-चालताबी टकळीवर सूत कातायची. तिचं पाय थांबायचं पर टकळी थांबायची न्हाई. आबा, म्हंजी माझा बाप, लई बोलायचा मानूस. मेंढरांशी बोलायचा, घोड्याशी बोलायचा, माझ्याशी तर दिवसभर. त्यानं मला सांगून ठिवलं व्हतं, की येत्या पावसाळ्यात गावात मामाकडं राहून चौथीत बसायचं. माझी पाटी घोड्यावरच्या पिठाच्या पोत्यात असायची, फुटू नये म्हनून.

आमच्या कळपाला पुढं चालनारी येक मेंढी व्हती. तिचं नाव कवडी. काळी, आन् कपाळावर कवडीयेवढा पांढरा ठिपका. ती निघाली की कळप निघायचा, ती थांबली की थांबायचा. आबा म्हनायचा, कवडी हाय म्हनून मी झोपतो.

तर गुद्रूननं येका बुधवारी मेंढरांचं सांगितलं. त्यांच्यात उनाळा लागला की मेंढरं डोंगरावर सोडून देत्यात. सोडून म्हंजी सोडूनच. मेंढका न्हाई, कुत्रं न्हाई, रातच्याला कोंडायची जाळीची वाघर न्हाई. तिथं लांडगाच न्हाई, नुसता कोल्हा. चार म्हैनं मेंढरं आपली आपन चरत्यात, झाड म्हनून नसलेल्या त्या हिरव्या डोंगरात. मी मधुराला दोनदा इचारलं, तू नीट ऐकलंस ना? रातभर काठी उशाला घिऊन जागनारा बाप म्या बघितलेला. मेंढरू सोडून मानूस घरी झोपतो, हे मला पटंना. आन् मग थंडीच्या तोंडाला समद्या गावची मानसं घोड्यावर बसून डोंगरात जात्यात. चार-चार दिवस हुडकून समदी मेंढरं खाली आनत्यात. गुद्रूननं भिंतीवरचा फोटू दावला. डोंगरावरनं पांढरी नदी उतरल्यावानी मेंढरं, आन् खाली येक मोठं गोल कुंपन, गाडीच्या चाकासारखं. मधल्या गोलात समदी मेंढरं घालायची, आन् भवतीनं फाका पाडलेल्या, येकेका घराची येकेक फाक. मग बाया, बापय, पोरं, म्हातारी समदी आत शिरत्यात, मेंढीला मांड्यात धरत्यात, कान बघत्यात. कानाला खून, म्हंजी वळखायची निशानी, असती. डाव्याला खाच, उजव्याला टोक छाटलेलं, अशी. कुनाची कोनती खून त्याचं छापील पुस्तक हाय. कान वाचला की मेंढी ज्याच्या त्याच्या फाकंत. मग मटनाचा रस्सा आन् गानी, अंधार पडंपर्यंत.

हजारानं मेंढरं आन् कुनाचं येकबी भांडान न्हाई. मी त्या फोटूम्होरं लई येळ हुभी व्हते. देवभोळ्या मानसाला कसं देऊळ बघून वाटतं, म्हनत्यात, तसं मला वाटलं. आमच्याबी मेंढरांच्या कानाला खुना असायच्या. माझी खून डाव्या कानाला दोन खाचा, आबानं माझ्या वाट्याची म्हनून दिलेल्या चार मेंढरांना. मी गुद्रूनला माझ्या कानावर बोट ठिवून दावलं. तिनं लगीच कागदावर कान काढला, दोन खाचा काढल्या, आन् खाली माझं नाव लिवलं: हौसा.

त्याच दिवशी ती म्हनली, आता तुला समद्यात भारी सांगते. त्यांच्यात मेंढरांची येक येगळी जात हाय. लांब पायाची, अंगानं बारीक, रंगीत. ह्या मेंढ्या मांसासाठी न्हाईत, लोकरीसाठी न्हाईत. त्या पुढं चालायसाठी. दर कळपात येक-दोन. त्यांना वादळ आधी कळतं. गुद्रूनच्या बापाची येक व्हती, फ्लेक्का. फ्लेक्का म्हंजी ठिपक्याची. येका सकाळी झकास ऊन पडलं व्हतं, बापानं गोठ्याचं दार उघडलं, तर फ्लेक्का दारात आडवी हुभी. भाईर पडंना, दुसऱ्यांना पडू दिना. शेजारी हसला, त्यानं आपली मेंढरं सोडली. गुद्रूनचा बाप फ्लेक्काच्या तोंडाकडं बघत बसला, आन् दार लावून घेतलं. दुपारी असलं वादळ आलं की शेजाऱ्याचा कळप बर्फात गाडला गेला. गुद्रून म्हनली, अशा मेंढ्यांच्या गोष्टी लोकांनी लिवून ठिवल्यात, नावासकट, कुनाची, कोनत्या गावची. कोन राजा व्हता ते विसरत्यात, मेंढी विसरत न्हाईत. आन् मधुरा मला सांगत व्हती, “आई, त्या म्हणतायत, ती अडली की माणसानं तिचं ऐकायचं असतं. तिथल्या लहान पोरालाही हे माहीत असतं.”

मी हातातला कप खाली ठिवला. मधुराला म्हनलं, आता मी सांगते ते तिला सांग, मधी थांबू नगंस.

घाट चढून वर आलो की येक नदी लागायची. उनाळ्यात तिच्यात वाळूच, मधी घोट्यायेवढी धार. त्या वरसी आमी परत येत व्हतो. आबाला हिवताप भरला, त्यो मागच्या तळावर झाडाखाली पडला, आय त्याच्याजवळ. बिरादादा घोडा आन् संसार घिऊन पहाटंच नदीपल्याड गेला, दुसऱ्या लोकांबरुबर. आबा मला म्हनला, “हौसे, तुला जमंल. कवडीच्या मागं ऱ्हा. दिस मावळायच्या आत पल्याड जा.” मी अकरा वरसाची. कळप पयल्यांदा माझ्या येकटीच्या हातात. त्यात आमच्या तात्याची, म्हंजी चुलत्याचीबी मेंढरं व्हती, आमच्यावर भरवसा ठिवून सोडलेली.

दुपार कलल्यावर नदीवर पोचले. डोक्यावर ऊन, ढग न्हाई. लांब डोंगराच्या अंगाला काळं दिसत व्हतं, पर ते कुठल्या कुठं. कवडी काठावर आली आन् थांबली. मी टिचकारलं, हुर्र केलं. ती पुढचं पाय रोवून हुभी. पल्याड मानसं दिसत व्हती, कुनीतरी हात हालवत व्हतं. मला वाटलं, समदी मला हसत्यात, पोरीला कळप हाकता येईना. आबानं सांगितलंय दिस मावळायच्या आत. म्या काठी घेतली आन् कवडीला मागनं मारलं. ती वळून माझ्याकडं बघायची आन् तिथंच हुभी. मी मागल्या पायांवर मारत सुटले, मग तिचा कान धरून वाळूत वढली. ती वाळूत आली तशी समदा कळप उतरला, आन् पुढची तरनी मेंढरं आमच्या म्होरं पळाली. आमी मध्याला व्हतो. आधी आवाज आला, पोत्यातनं धान वतल्यासारखा. कवडी गर्रकन माघारी फिरली. तिचा कान माझ्या हातात व्हता, मी सोडला न्हाई, म्हनून मीबी फिरले. ती मला वढत काठावर घिऊन आली. मागची मेंढरं तिच्या मागं भाईर आली. पुढची न्हाई आली. पानी भुऱ्या रंगाचं, मानसायेवढं, झाडं घिऊन आलं. मेंढरू बुडताना वरडत न्हाई. नुसतं तोंड वर करून जातं.

सांजच्याला पानी उतरलं तशी मानसं आली, बिरादादा आला. समद्यांनी येकच इचारलं, कसं झालं? आन् म्या म्हनलं, कवडी घुसली. म्या आडवली, पर तिनं ऐकलं न्हाई.

येवढंच बोलले. साठ वरसं तेवढंच.

दोन दिवसांनी आबा आला, आयच्या खांद्यावर हात टाकून. त्यानं मला काय इचारलं न्हाई. कवडीजवळ गेला, खाली बसला, तिच्या अंगावरनं हात फिरवला. आन् दुसऱ्या दिवशी पहाटं तिला बाजारात नेऊन खाटकाला दिली, सोता. रिकामं दावं घिऊन आला. लोक म्हनले, बरं केलंस, अपशकुनी जनावर. वरसाच्या आत उरलेला कळपबी तात्याची मेंढरं भरून देन्यात गेला. आबा आन् आय रस्त्यावर खडी फोडायला लागले, आन् मीबी. चौथीचं नाव कुनी काढलं न्हाई. पाटी पोत्यातच व्हती, ती मी सोताच काढून टाकली. चौदाव्या वरसी माझं लगीन झालं. खडी फोडल्याचं मला दुख न्हाई, हाताला काम व्हतं. दुख येकच, की आबा बोलायचा बंद झाला. येवढा बोलनारा मानूस, हो-न्हाई तेवढं बोलायचा. मला वाटायचं, त्याला कवडी आठवती. मला वाटायचं, माझ्या जागी कवडी ऱ्हायली असती तर त्याला चाललं असतं. त्यो गेला तवा मी त्याच्या पायाशी बसले व्हते, सांगायचं म्हनून तोंड उघडलं, आन् पानी पाजून मिटलं.

हे समदं मधुरानं त्या परक्या बोलीत गुद्रूनला सांगितलं. मधी येकदा ती थांबली. मी म्हनलं, थांबू नगं म्हनलं व्हतं ना? ती पुढं बोलली. गुद्रून तोंडावर हात न ठिवता, डोळं न पुसता ऐकत व्हती. मला तेच बरं वाटलं. ऐकून झाल्यावर तिनं दोनच गोष्टी इचारल्या. मेंढीचं नाव काय, कारन तिला सांगताना म्या नुसतं ‘पुढं चालनारी मेंढी’ म्हनलं व्हतं. मी म्हनलं, कवडी. साठ वरसांत पयल्यांदा ते नाव तोंडानं घेतलं. दुसरं, वडील काय म्हणाले. मी म्हनलं, काय न्हाई. गुद्रून मधुराला काहीतरी हळू बोलली. मधुरा म्हनली, “आई, त्या म्हणतायत, कळपाचा माणूस काहीच बोलत नाही असं होत नाही. तुमचे भाऊ आहेत ना, त्यांना विचारा.”

तीन दिवस मी काय केलं न्हाई. मधुरानंबी इचारलं न्हाई, पर त्या तीन दिवसांत ती मला चा घिऊन आली की बसायची, उठून जायाची न्हाई. शनवारी सकाळी नाष्टा झाल्यावर मीच म्हनलं, दादाला फोन लाव, तोंड दिसंल असा. गावाकडं दुपार. बिरादादा आता ऐंशीला आला, सोप्यात पोत्यावर बसला व्हता, कानाला फोन लावून. त्याच्या नातवानं त्यो त्याच्या तोंडाम्होरं धरला. मी इकडचं-तिकडचं काय बोलले न्हाई. म्हनलं, दादा, कवडी घुसली नव्हती. मी घातली. ती आडली व्हती, म्या मारून घातली.

दादानं तंबाकूची गुळनी थुकली. मला वाटलं आता त्यो उठून जाईल, आन् उरलेलं येक मानूसबी जाईल.

“ठावं हाय,” त्यो म्हनला.

मी म्हनलं, काय ठावं हाय?

“आबानं मेंढी बघितली हुती न्हवं का. घुसनाऱ्या मेंढराला आडवायचं तर मानूस तोंडावर मारतंय. हिच्या तोंडावर येक वळ न्हवता. समदं वळ मागल्या पायावर. आबानं मला बोलवून दावलं. तात्यानं दुसऱ्या दिशी पंच बसवायचं ठरवलं हुतं. पंच समदे मेंढके. त्यांनी ते पाय बघितलं आस्तं तर तुझं नाव पंचात आलं आस्तं, अकरा वरसाच्या पोरीचं. म्हनून पहाटं घिऊन गेला. कवडीला घिऊन जाताना रडत गेलता, हौसे. मी बरुबर हुतो.”

मधुरा माझ्या पाठीमागं हुभी व्हती, तिचा हात माझ्या खांद्यावर आला.

“मग मला का न्हाई बोलला?” मी इचारलं.

“मलाबी बोलू दिलं न्हाई. म्हनला, तिला कळू दिऊ नगंस मला ठावं हाय. तिला माझ्याम्होरं मान वर करून हिंडू दी. आन् त्याला बोलायची भारी खोड, तुला ठावंच हाय. बोलता बोलता तोंडातनं जाईल, म्हनून त्यानं बोलनंच टाकलं.”

दादानं इचारलं, तिकडं थंडी हाय का, गुडघं दुखत्यात का. मी म्हनलं, हाय थंडी. फोन ठिवला. मधुरानं चा म्होरं सारला, त्यो निवून गेला तरी मी तशीच बसून व्हते. मी समजले की आबा माझ्यावर मुका झाला. त्यो माझ्यासाठी मुका झाला व्हता. त्यानं मला मान वर करून हिंडायला मोकळं सोडलं व्हतं, आन् मी साठ वरसं खाली बघून चालले.

बुधवारी गुद्रूनकडं जायाचंय. वडील काय म्हणाले, असं तिनं इचारलं व्हतं. मधुराला म्हनलं, आता सांगायला हाय, जर्मनमधी नीट जुळवून ठेव. ती म्हनली, “हो आई. पण तुम्हीच सांगा, मी नुसती मागून येते.”